मॅनिफोल्डवर प्रश्न टाकायचा तर: एका बाँड रायटरचा अभिप्राय

मॅनिफोल्ड या संकेतस्थळावर बहुतेक लोक दुसऱ्याच्या प्रश्नावर पैज लावायला जातात. मी प्रश्न टाकायला जातो. त्यामुळे हा अभिप्राय एका अंगानेच लिहिलेला आहे, ते आधीच सांगून टाकतो. पैजेत किती कमावलं, क्रमवारीत कुठे आहे, हे विचारू नका. त्यात मला गोडी नाही. प्रश्न नीट मांडता येतो का, मांडल्यावर लोक त्याचा कसा कीस पाडतात आणि निकाल देताना तोंड लपवायची पाळी येते का, एवढंच सांगणार आहे.

माझा धंदा बाँड रायटरचा. बेळगावात सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या आसऱ्याला बसून खरेदीपत्रं, वाटणीपत्रं, बक्षीसपत्रं, संचकाराचे (विसाराचे) कागद लिहायचे. पक्षकार मराठीत सांगतो, दस्त कन्नडमध्ये उतरवायचा आणि वकील मधेच इंग्रजीत दुरुस्ती सुचवतो. दस्तनोंदणीचं कावेरी 2.0 आल्यापासून बरंच काम पोर्टलवरून होतं, दुपारची थोडी उसंत मिळते. बेंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये असलेला भाचा गणपतीला आला होता, त्याने हे दाखवलं. म्हणाला, "मामा, तुम्ही प्रश्न घाला की. कलमं घालायची सवय तुम्हालाच हाय."

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुणीतरी प्रश्न टाकतो, 'अमुक तारखेच्या आत तमुक होईल का?' लोक 'हो' किंवा 'नाही'ची बाजू विकत घेतात. 'हो' घेणारे वाढले की आकडा चढतो, 'नाही'वाले वाढले की उतरतो. तो आकडा टक्क्यांत दिसतो आणि तोच त्या घडीचा जमलेल्या मंडळींचा अंदाज. चलन 'मना' नावाचं, लुटुपुटीचं. खातं उघडलं की थोडे मना मिळतात, हवे तर विकतही घेता येतात, पण मनाचे परत रुपये होत नाहीत.

हे ऐकूनही आमच्या घरात पहिला आक्षेप आलाच. "काय ओ, या वयात मटका लावताय काय?" बायकोचा प्रश्न रास्त होता. आमच्या सीमाभागात आकड्यापायी किती घरं बसली ते तिने बघितलंय. म्हणून कायद्याची बाजू आधी सांगतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. प्रोबोसारख्या, मतावर पैसे लावायच्या ॲपनी त्यानंतर तो धंदा थांबवला. तेव्हा रुपये किंवा डॉलर लावायची जी विदेशी बाजारपेठ आहे, पॉलीमार्केट वगैरे, तिच्या नादी आपल्या माणसाने लागू नये. मी इथे लिहितोय ते लुटुपुटीच्या मनाबद्दल.

मटक्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तो आकडा सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि मिटत्या भावावर लागायचा. भाव तारेने मुंबईला यायचा. पुढे ते बंद पडलं आणि मडक्यातून चिठ्ठ्या काढायची पद्धत आली. धंदा वाईटच, पण त्या पहिल्या पद्धतीत एक गोष्ट खणखणीत होती. निकाल देणारा कागद इतका लांबचा होता, की लावणारा आणि घेणारा दोघांचाही हात तिथे पोचत नव्हता. मॅनिफोल्डवर प्रश्न टाकताना मी पहिल्यांदा हेच बघतो: निकाल कुठल्या कागदावर लागणार आणि तो कागद कुणाच्या हातात आहे.

आता प्रत्यक्ष सेवा. प्रश्न टाकायचा फॉर्म साधा आहे. वर प्रश्नाची ओळ, खाली उत्तराचा प्रकार (हो-नाही, अनेक पर्याय, आकडा), मग तपशिलाची मोकळी जागा आणि व्यवहार बंद व्हायची तारीख-वेळ. प्रश्न टाकायला थोडे मना मोजावे लागतात. ते फुकट जात नाहीत, त्या प्रश्नाच्या बाजाराला भांडवल म्हणून लागतात, म्हणजे पहिल्या माणसाला कुणाशी तरी व्यवहार करता येतो. बटण दाबलं की प्रश्न लगेच जगासमोर. कुणी तपासत नाही, कुणी परत पाठवत नाही. आणि मुख्य म्हणजे निकालही प्रश्न टाकणाऱ्यानेच द्यायचा. अगदीच अन्याय झाला तर देखरेख करणारे मध्ये पडतात, पण एरवी तुम्हीच पक्षकार, तुम्हीच दस्तलेखक आणि तुम्हीच न्यायाधीश.

मेटॅक्युलस नावाचं दुसरं ठिकाण आहे, 2015 मध्ये सुरू झालेलं. तिथे मनाही नाहीत, बाजारही नाही, नुसता टक्का सांगायचा आणि निकालानंतर गुण मिळवायचे. तिथली रीत मला कागदावर जास्त पटते. पार्श्वभूमी वेगळी, निकालाच्या अटी वेगळ्या, बारीक अक्षरातली कलमं वेगळी आणि प्रश्न खुला होण्याआधी कुणीतरी जाणता माणूस तो वाचतो. शिकायचं असेल तर तिथले जुने प्रश्न वाचावेत. पण आमच्या बेळगावचा राकसकोप जलाशय भरेल का, हा प्रश्न तिथे कोण घेणार? मॅनिफोल्डवर तो विचारता येतो, म्हणून मी इथे रमलो.

राकसकोपचंच सविस्तर सांगतो, कारण एका प्रश्नात किती पाणी मुरतं ते त्यात दिसलं. बेळगाव शहराला पाणी पाजणारा हा मार्कंडेय नदीवरचा जलाशय. जून कोरडा गेला की वडगाव-शहापूरपासून अनगोळपर्यंत प्रत्येक कट्ट्यावर एकच विषय, यंदा राकसकोप कधी भरतो. माझा मूळ प्रश्न कट्ट्यावरच्याच भाषेत होता: 'राकसकोप यंदा लवकर भरेल का?' टाकण्याआधी मी तो भाच्याला फोनवर वाचून दाखवला. तो म्हणाला, "मामा, लवकर म्हणजे कधी ओ?" म्हणून 31 जुलै घातली. मग 'भरेल' म्हणजे काय? पूर्ण पातळी 2475 फूट. पण पाणी तेवढं चढायच्या आधीच दरवाजे उचलतात, कारण वरून लोंढा येत असताना काठोकाठ होईपर्यंत कोण थांबणार? म्हणजे लोकांच्या लेखी राकसकोप भरला, पेपरात फोटो आला, हौशी मंडळी बघायलाही जाऊन आली, आणि आकडा मात्र 2475 ला शिवलाच नाही, असं होऊ शकतं. नुसत्या आकड्यावर प्रश्न बांधला तर धरण भरूनही निकाल 'नाही' येईल.

म्हणून असं कलम घातलं: पातळी 2475 फूट किंवा जास्त झाल्याची, किंवा जलाशय भरत आल्यामुळे दरवाजे उघडल्याची बातमी, यातलं जे आधी होईल ते. 'भरत आल्यामुळे' हे शब्द मुद्दाम. दुरुस्तीसाठी किंवा चाचणीसाठी दरवाजा हलवला तर तो धरायचा नाही. मग कागद कुठला? हिडकलचा प्रश्न असता तर सोपं होतं. घटप्रभेवरचं मोठं धरण, पूर्ण पातळी 2175 फूट, साठा 51 टीएमसी आणि राज्याच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राचा रोजचा तक्ता. तक्ता उघडायचा, आकडा बघायचा, निकाल लावायचा. राकसकोप शहराच्या पाण्याचा छोटा जलाशय, तो त्या मोठ्या धरणांच्या पंक्तीत बसत नाही. त्याची पातळी आपण वर्तमानपत्रात वाचतो. तेव्हा बेळगावच्या वर्तमानपत्राचं नाव घातलं. दोन वर्तमानपत्रांत फरक पडला तर कुठलं धरायचं तेही घातलं. त्या दिवशी पेपरला सुट्टी असेल तर पुढच्या अंकातला त्या तारखेचा आकडा.

तारखेतही एक मेख आहे आणि नवे लोक हमखास तिथे अडतात. व्यवहार बंद व्हायची वेळ वेगळी आणि घटनेची मुदत वेगळी. मुदत 31 जुलैच्या मध्यरात्रीची असली तरी त्या दिवसाची पातळी छापून येते दुसऱ्या दिवशी. म्हणून व्यवहार 31 ला बंद, निकाल 5 ऑगस्टच्या आत, असं लिहिलं. आणि 'भारतीय प्रमाणवेळ' हे दोन शब्द कधीही विसरू नका. मॅनिफोल्डवाले कॅलिफोर्नियाच्या घड्याळावर चालतात. तुम्ही खाली टिप्पणीत एखादा खुलासा केलात तर यंत्रच त्याचा सारांश करून तपशिलाच्या तळाशी चिकटवतं (ही सोय झकास आहे, खुलासा टिप्पण्यांच्या ढिगात हरवत नाही), पण त्यावर पडणारी तारीख तिकडची. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे. आपल्या 1 तारखेच्या सकाळी तिकडे अजून 31 चीच संध्याकाळ असते. 'आजच्या आत' असं कुणी भोळेपणाने लिहिलं की झालीच हाणामारी.

प्रश्न टाकल्यावर गंमत सुरू झाली. ज्याने बेळगाव नकाशावरही पाहिलं नसेल अशा कुणा परदेशी माणसाने खाली विचारलं, "धरण फुटलं तर?" मी हसलो, पण उत्तर द्यावं लागलं: फुटण्याआधी पातळी गाठली असेल तर 'हो', नसेल तर 'नाही'. दुसऱ्याने विचारलं, पातळी सकाळची की दिवसभरातली सर्वांत जास्त? हा प्रश्न आमच्या कट्ट्यावर कुणालाही सुचला नसता. दस्तात चतुःसीमा लिहिताना पूर्वेस रस्ता, पश्चिमेस ओढा असं लिहून आपण मोकळे होतो, आणि वीस वर्षांनी ओढा सरकला की दोन भाऊ कोर्टात उभे राहतात. मॅनिफोल्डवर ओढा सरकायच्या आधीच चार अनोळखी माणसं येऊन विचारतात, ओढ्याचा मध्य की काठ? यासाठी मी या सेवेला पाचपैकी पाच देतो. असं फुकट जाब विचारणारं गिऱ्हाईक मला उभ्या धंद्यात मिळालं नाही.

गणपतीचा प्रश्न मात्र अजून माझ्या मनासारखा बसलेला नाही. बेळगावची अनंत चतुर्दशीची मिरवणूक रात्रभर चालते, दुसरा दिवस उजाडतो आणि कपिलेश्वर तलावावर विसर्जन चालूच असतं. 'यंदा मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारी 12 च्या आत संपेल का?' म्हटला तर सोपा प्रश्न. पण संपली असं कोण म्हणणार? शेवटची मूर्ती पाण्यात गेली ती वेळ, की पोलिसांनी रस्ता मोकळा केला ती? एखाद्या मंडळाने मूर्ती दुसऱ्या तलावावर नेली तर? आणि पेपरवाला 'सकाळी उशिरापर्यंत' असं लिहून मोकळा होतो, त्यातून बारा वाजले की नाहीत ते कळत नाही. शेवटी मी 'कपिलेश्वर तलावातल्या शेवटच्या सार्वजनिक मूर्तीच्या विसर्जनाची छापून आलेली वेळ' असं धरलं आणि वेळ छापूनच आली नाही तर प्रश्न रद्द. प्रश्न रद्द झाला की सगळे व्यवहार उलटवले जातात, कुणाचं नुकसान नाही. पण ज्याने महिनाभर डोकं लावलं तो चिडतोच.

आता जिल्ह्याचा प्रश्न. 'बेळगाव जिल्ह्याचं विभाजन होईल का?' हा प्रश्न मी टाकायच्या आधीच कुणीतरी असाच, एवढ्याच शब्दांत टाकलेला बघितला, आणि दस्तलेखकाचा जीव कासावीस झाला. अहो, 1997 मध्ये जे. एच. पटेल सरकारने गोकाक आणि चिकोडी असे वेगळे जिल्हे जाहीर केले होते आणि विरोध झाल्यावर ते मागेही घेतले. तेव्हा हा प्रश्न असता तर उत्तर काय द्यायचं, झालं म्हणून की नाही म्हणून? दुसरा दाखला अगदी अलीकडचा आहे. बळ्ळारीतून विजयनगर जिल्हा निघाला तेव्हा मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली नोव्हेंबर 2020 मध्ये, अंतिम अधिसूचना निघाली फेब्रुवारी 2021 मध्ये आणि थाटामाटात उद्घाटन झालं ऑक्टोबर 2021 मध्ये. डिसेंबर 2020 ची मुदत घातली असती तर मान्यता धरणारा म्हणाला असता 'हो', अधिसूचना धरणारा म्हणाला असता 'नाही', आणि दोघेही आपापल्या परीने खरे. मी माझा प्रश्न वेगळा टाकला: 'कर्नाटक जमीन महसूल कायदा, 1964 खाली सध्याच्या बेळगाव जिल्ह्याचे तालुके काढून नवा जिल्हा करणारी अंतिम अधिसूचना कर्नाटक राजपत्रात अमुक तारखेपर्यंत प्रसिद्ध होईल का?' मसुदा अधिसूचना चालणार नाही. नंतर मागे घेतली तरी उत्तर 'हो'च राहील. वाचायला रुक्ष आहे, मान्य आहे. भाच्याने सांगितलं, "मामा, एवढं लांबडं कोण वाचणार?" वरची ओळ छोटी ठेवून बाकी सगळं तपशिलात ढकलायला त्यानेच शिकवलं, आणि ते बरोबर होतं. वरची ओळ लोक बघतात, तपशील भांडणाऱ्यांसाठी.

मोठ्या मोठ्या बाजारांतही हीच रड आहे, हे वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. 2006 मध्ये ट्रेडस्पोर्ट्स नावाच्या बाजारात एक प्रश्न होता, उत्तर कोरिया जुलै संपेपर्यंत आपल्या हद्दीबाहेर जाईल असं क्षेपणास्त्र सोडेल का. कोरियाने जुलैच्या सुरुवातीलाच क्षेपणास्त्रं सोडली. साऱ्या जगाच्या पेपरांत पहिल्या पानावर बातमी. पण प्रश्नाच्या अटीत लिहिलं होतं, की दुजोरा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा हवा. त्या शब्दांत हवा तसा दुजोरा त्या खात्याकडून आला नाही आणि निकाल लागला 'नाही'. 'हो' घेणाऱ्यांनी बोंब मारली. माझं मत विचाराल तर निकाल बरोबर होता. कागदावर जे लिहिलं ते लिहिलं. वाईट होतं ते कलम: ज्या खात्याला गुपितं राखायची असतात त्याच्याच तोंडाला निकाल बांधायचा, ही अक्कल कुणाची?

दुसरा प्रकार याच्या उलट. पॉलीमार्केटवर 2025 मध्ये प्रश्न होता, युक्रेनचे झेलेन्स्की जून संपायच्या आत सूट घालतील का. युद्ध सुरू झाल्यापासून हा माणूस लष्करी धाटणीच्या कपड्यांत वावरत होता. जूनच्या शेवटी द हेगला नाटोच्या बैठकीसाठी ते काळं जाकीट आणि तसलीच विजार घालून आले. कितीतरी पत्रकारांनी त्याला सूट म्हटलं. बाकीचे म्हणाले, हा कसला सूट? या एका प्रश्नावर 20 कोटी डॉलरहून जास्त उलाढाल झाली होती. आणि अटीत सूट म्हणजे काय हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, विश्वासार्ह बातम्यांत एकमत काय आहे ते बघू, एवढंच. निकाल 'नाही' लागला आणि आठवडे गेले तरी लोक कॉलरचे फोटो मोठे करून भांडत होते. आमच्या खडेबाजारातल्या कुठल्याही शिंप्याने पाच मिनिटांत व्याख्या लिहून दिली असती: एकाच कापडाचा कोट आणि पँट, कोटाला अशी कॉलर, खाली असे बूट. इतका पैसा लावणाऱ्यांपैकी कुणालाही आधी शिंप्याला विचारावंसं वाटलं नाही.

भविष्य बघणाऱ्या माणसाची एक कसोटी या क्षेत्रातले लोक वापरतात, ती मला फार उपयोगी पडते. समजा पुढचं सगळं स्वच्छ दिसणारा माणूस समोर बसला आहे. तुमचा प्रश्न ऐकून तो तुम्हाला उलट काहीही न विचारता 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकेल का? 'शहराचा विकास होईल का' म्हटलं तर तो म्हणेल, बाबा, विकास म्हणजे काय ते सांग. 'उड्डाणपूल पूर्ण होईल का' म्हटलं तर विचारेल, गाड्या सुरू झाल्या ती तारीख, की मंत्र्यांनी फीत कापली ती? आपल्याकडे या दोन तारखांत कधी फीत आधी असते, कधी गाड्या. म्हादई नदीचं पाणी, ते वळवायचं कळसा-भांडुऱ्याचं काम, यांचे प्रश्न म्हणूनच मी हातात घेतलेले नाहीत. 2018 मध्ये लवादाने कर्नाटकाच्या वाट्याला 13.42 टीएमसी दिलं, तेव्हापासून 'काम सुरू' या दोन शब्दांचे दर निवडणुकीला वेगळे अर्थ निघतात.

आणि सीमाप्रश्न. तो टाकला नसता तर मी बेळगावचा कसला. महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004 चा. 'सीमाप्रश्न सुटेल का' असं विचारलं तर भविष्य दिसणारा माणूसही हात जोडील. मी विचारलं: 2004 च्या मूळ दाव्यात सर्वोच्च न्यायालय अमुक तारखेपर्यंत अंतिम निकाल देईल का? निकाल कुणाच्या बाजूने, हे प्रश्नात नाही. अंतरिम आदेश धरायचा नाही. सुनावणी संपून निकाल राखून ठेवला तर तोही धरायचा नाही. दावा मागे घेतला किंवा तडजोडीने निकाली निघाला तर? इथे मी बराच वेळ अडलो होतो. शेवटी 'दावा कुठल्याही कारणाने कायमचा निकाली काढणारा आदेश' असं धरलं, कारण निकाली या शब्दाचा कागद न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळतो आणि तो वाचायला मराठी की कन्नड असावं लागत नाही.

निकाल देणारा मी, बेळगाव कर्नाटकात गेलं म्हणून काळा दिन पाळणाऱ्यांच्या गल्लीतला. समोर कन्नड माणूस 'नाही' घेऊन बसला असेल तर त्याने माझ्यावर विश्वास का ठेवावा? मॅनिफोल्ड प्रश्न टाकणाऱ्याला स्वतःच्या प्रश्नावर पैज लावायला अडवत नाही. ही मोकळीक मला खटकते. म्हणून मी प्रत्येक प्रश्नाखाली लिहितो, 'या प्रश्नावर मी स्वतः मना लावणार नाही.' सीमाप्रश्नाच्या अटी तर शेजारी बसणाऱ्या कन्नड बाँड रायटरला आधी वाचायला दिल्या. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचल्या आणि एक शब्द बदलायला लावला. "अण्णा, 'देईल' नको, 'दिलेला असेल' घाला. तारखेचा घोळ होतोय." बदलला. निकालाच्या वेळीही त्यांना दाखवूनच बटण दाबणार, असं तिथे लिहून ठेवलंय.

उणिवा सांगायच्या तर पहिली म्हणजे गर्दी. ट्रम्प, एआय, अमेरिकेच्या निवडणुका यांवर शेकड्यांनी लोक येतात. राकसकोपवर चार-पाच. तेवढ्यांनी ठरवलेला 62 टक्के हा आकडा म्हणजे अंदाज म्हणायचा की दोघांची हौस? आपल्या भागाच्या प्रश्नावरच्या टक्क्याला मी तरी फार भाव देत नाही. दुसरी गोष्ट, प्रश्न मराठीत लिहिला तर देवनागरी व्यवस्थित दिसते, पण जाब विचारणारे ते परदेशी लोक फिरकत नाहीत, आणि मला तर तेच हवे असतात. म्हणून मी वर इंग्रजी आणि खाली मराठी असं करतो. इंग्रजी भाचा तपासतो. तिसरी, नवीन माणसं जितकी येतील तितका प्रश्न टाकणाऱ्याला मनाचा लाभ होतो, त्यामुळे चटपटीत, अर्धवट प्रश्नांचं पीक फार. 'अमका नेता पक्ष बदलेल का' असले. बदलेल म्हणजे राजीनामा, नुसता प्रवेश, की दुसऱ्या पक्षाच्या व्यासपीठावर बसला तरी चालेल? असा प्रश्न दिसला की मी खाली जाऊन विचारतो. काही जण सुधारतात. काही जण रागावतात, त्यांच्या प्रश्नापासून लांब राहावं.

निपाणी, खानापूर, चंदगडकडच्या कुणाला करून बघायचं असेल तर सुरुवातीला मुदत जवळची ठेवा, पंधरा दिवस-महिना, म्हणजे निकाल देण्याची सवय लागते. आकडा छापून येतो असा विषय घ्या: धरणाची पातळी, बाजार समितीतला कांद्याचा भाव, दहावीच्या निकालात जिल्ह्याचा क्रमांक. निकालाचा दुवा आणि कागदाचा फोटो निकाल देतानाच टिप्पणीत लावून ठेवा, नंतर शोधत बसू नका. मोबाइलवर चालतं, पण लांब कलमं लिहायला संगणकच बरा. माझा गणपतीचा प्रश्न अजून खुला आहे. 'शेवटची सार्वजनिक मूर्ती' कशी ठरवायची याचं माझ्यापेक्षा बरं कलम कुणाला सुचत असेल तर त्या प्रश्नाखाली घाला, चतुर्दशीच्या आत बदलून घेतो.